चार हजार आठशे बासष्ट किलोमीटर

फियाट विकायचं ठरलं तेव्हा गीताबाईंनी एकच अट घातली. घेईल त्यानं ती रस्त्यावर चालवली पाहिजे. किंमत काय यायची ती येवो.

त्यांचा मुलगा भारत, याला ही अट म्हणजे म्हातारपणाचं खूळ वाटलं. त्याचं बीडला बी-बियाणांचं दुकान होतं. साल दोन हजार सोळा. पावसानं ओळीनं पाठ फिरवलेली, बी घ्यायला गिऱ्हाईक नाही आणि उमापूरजवळच्या त्याच्या गावात तिसऱ्या दिवशी टँकर येत होता. अडुसष्ट वर्षांची आई हंडा घेऊन रांगेत उभी राहते हे त्याला चारचौघांत सांगायलाही नको वाटे. गावातलं घर बंद करून तिला बीडला न्यायचं त्यानं पक्कं केलं होतं. घर बंद करायचं तर शेडातल्या गाडीचं काय, हा प्रश्न त्यानं परस्पर सोडवला. हायवेवरच्या एका ढाबेवाल्याला तो फोनवर बोलला. ढाबेवाला गाडी न बघताच हो म्हणाला. दारात चौथरा बांधून त्यावर गाडी ठेवायची, बॉनेटवर झाडांच्या कुंड्या, टपावर लायटिंग. येणारे-जाणारे फोटो काढतील, चार प्लेट जास्त जातील.

“चौथऱ्यावर?” गीताबाई म्हणाल्या.

“मंग काय झालं? रोज पुसतेत की तिला. लोकं बघतेत.”

“त्रेचाळीस वर्सं उभीच हाय ती. आता देव करून बसवता का तिचा?”

शेवटी मायलेकांत तोड निघाली. सिरसाळ्याला बिभीषण नावाचा एक गॅरेजवाला होता, जुन्या गाड्यांचा नादी. तो रविवारी येऊन बघणार होता आणि पटली तर स्वतः चालवत नेणार होता. त्याचा भाव ढाबेवाल्यापेक्षा पंधरा हजारांनी कमी होता. त्यानं घेतली तर त्याची. नाही घेतली तर सोमवारी सकाळी ढाबेवाल्याची क्रेन येईल, आणि मग आईनं एक अक्षर बोलायचं नाही. गीताबाई बरं म्हणाल्या आणि शेड झाडायला गेल्या.

गाडी त्यांच्याच नावावर होती. लग्न सहासष्टचं. त्यांच्या वडिलांनी जावयाला मोटारसायकल कबूल केली होती. पण गीताबाईंचे यजमान सुंदरराव हिशेबी माणूस. ते म्हणाले, मोटारसायकल नको, रोख द्या, मी थोडे घालून फियाटला नंबर लावतो. त्या काळी नंबर लावला की पाच-सात वर्षं वाट बघायची रीतच होती. सासरा म्हणाला, लावा, पण पैका माझा हाय तर नाव माझ्या लेकीचं. लग्नमांडवात एवढ्यावरून रुसवाफुगवा नको म्हणून सुंदररावांनी मान्य केलं. बापानं लेकीच्या पदरात टाकलेलं असं काही म्हणायचं तर एवढंच, एका पिवळ्या पावतीवर तिचं नाव.

नंबर आला तो नेमका बहात्तरच्या डिसेंबरात. तोवर सुंदरराव गावच्या सेवा सोसायटीचे चेअरमन झाले होते, आणि त्या वर्षी आभाळातून थेंब पडला नव्हता. विहिरीच्या तळाला खापरानं खरवडून पाणी काढायचे दिवस. गावाबाहेर तलावाचं काम निघालं होतं आणि निम्मं गाव तिथं खडी फोडायला जात होतं. सुंदरराव औरंगाबादहून गाडी घेऊन आले. कबुतरी रंग, पुढं ड्रायव्हर सुग्रीव, शेजारी चेअरमन, मागं गीताबाई. तलावाच्या कामाजवळून येताना गाडी हळू झाली. बायांनी हातोड्या थांबवल्या. छबुबाई नावाची गीताबाईंच्याच वयाची बाई, डोक्याला फडकं बांधलेली, पुढं आली आणि खिडकीतून वाकून तिनं विचारलं, “चेअरमन, ह्या गाडीला पानी किती लागतं वो?”

सुंदररावांना वाटलं, खरंच विचारतेय. ते म्हणाले, “लई न्हाई. चार-पाच लिटर.”

“म्हंजी आमच्या घरच्यापेक्षा बरं हाय म्हना तिचं,” छबुबाई म्हणाली आणि जाऊन खडी फोडायला बसली.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्या दिवशी गाडी कडब्याच्या शेडात गेली आणि दुसऱ्या दिवसापासून चेअरमन सायकलवर दिसू लागले. दुष्काळ सरला की काढू, असं ठरलं. दुष्काळ सरला तर सोसायटीचं इलेक्शन आलं. ते झालं तर जिल्हा परिषद. मग कापसाच्या सोसायटीचं, मग साखर कारखान्याच्या संचालकाचं. तोवर सुंदररावांची सायकल साऱ्या तालुक्यात गाजली होती. ‘सायकलवाले चेअरमन’ म्हणून मतं पडत होती, मग फियाट कशी बाहेर काढणार? प्रत्येक इलेक्शननंतर काढू म्हणत म्हणत माणूस म्हातारा झाला. गाडी बाहेर पडे ती मोजून. एकदा नारायणगडाला, भारतच्या वेळी गीताबाई अडल्या म्हणून दवाखान्यात, लांबलांबच्या दोन-तीन लग्नांना, आणि कागद संपले की पासिंगसाठी बीडला. बस.

तरी गाडी नव्यासारखी राहिली ती कोणाच्या हातानं, हे सांगायला नको. गीताबाईंनी जुनी लुगडी आणि सुंदररावांची विरलेली धोतरं जोडून तिला गोधडी शिवली, चार वर्षांनी एक या हिशेबानं. उंदरानं वायर कुरतडू नये म्हणून बॉनेटखाली तंबाखूच्या काड्यांची पुरचुंडी ठेवली. बोअरच्या पाण्यानं रेडिएटरात क्षार धरतो असं सुग्रीवनं सांगितलं होतं, म्हणून पागोळीचं पाणी गाळून मातीच्या डेऱ्यात वेगळं ठेवलं. यंदा घरात प्यायला टँकरचं पाणी होतं, पण त्या डेऱ्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं आणि सुनेनं एकदा त्यातलं तांब्याभर भाजीला घेतलं तेव्हा गीताबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नव्हत्या.

रविवारी बिभीषण आला. पंचेचाळिशीचा, बारका, हाताच्या रेषांत काळं ऑइल कायमचं बसलेलं. शेडाच्या दारात त्यानं चपला काढल्या. ते बघून गीताबाईंना बरं वाटलं.

त्यानं गोधडी ओढली. सभोवार फिरला. दारांच्या कडांवरून अंगठा फिरवला. पाठीवर झोपून खालून बॅटरीचा उजेड मारला.

“मावशी,” तो खालूनच म्हणाला, “ह्या गाडीला कुनी हात लावलेला न्हाई. कंपनीचाच रंग हाय. पत्र्याला एक पोचा न्हाई कुठं.”

“कशाला लावतील?”

“किती चालली म्हनला तुमी?”

“चार हजार आठशे बासष्ट.”

“त्रेचाळीस वर्सांत?” तो हसत बाहेर आला. “माझी मिसेस ह्याच्यापेक्षा जास्त चालली आसल मळ्यात.”

तो आत बसला. मीटर बघितला. तिथं आकडा तोच होता. मग त्यानं खाली पायाकडं बघितलं, आणि बघतच राहिला. खाली वाकून त्यानं क्लचच्या पट्टीवरचं रबर चाचपलं. चोक ओढून चावी फिरवली. गाडी दुसऱ्या झटक्याला चालू झाली. भारतनं कौतुकानं आईकडं बघितलं. बिभीषणनं गिअर टाकला, क्लच हळूहळू सोडला. पाय पार वर आला तेव्हा कुठं गाडी जरा हलली. त्यानं ती लगेच बंद केली आणि उतरला. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

“भारतभाऊ, जरा हिकडं या.”

“काय झालं?”

“ह्या मीटरला आकडे पाचच असतेत. नव्यान्नव हजार नऊशे नव्यान्नव झालं की परत शून्य. समजलं का? ही गाडी चार हजार न्हाई चालली. एक लाख चार हजार चाललीय.”

“काही पन काय! गाडी शेडाच्या भायेर निघाली न्हाई कधी. गावाला विचारा.”

“गावाला कावून विचारू? क्लचच्या पट्टीला विचारतो ना. रबर झिजून लोखंड लागलंय. प्लेट पार संपलीय. चार हजारांत प्लेट संपते का कधी? अन् ब्रेकचं रबर बघा.” तो गीताबाईंकडं वळला. आवाज चढवला नाही, पण पूर्वीसारखा राहिलाही नाही. “मावशी, लाख चालली म्हनला असता तरी घेतली असती मी. लाखात बी अशी गाडी कुनी ठेवत न्हाई. पन खोटं कावून सांगितलं? आज मीटरचं खोटं निघालं, उद्या इंजिनाचं निघंल. मी गरीब मानूस हाय. दुकानातला लेथ इकून ही घेनार होतो.”

त्यानं बॅटरी पिशवीत टाकली आणि पिशवीची चेन ओढली.

भारतला वाईट वाटलं, पण फार नाही. त्यानं खिशातून फोन काढला. ढाबेवाल्याला उद्याची वेळ नक्की करायची होती.

“ठेव तो फोन,” गीताबाई म्हणाल्या. मग बिभीषणला म्हणाल्या, “थांब रे बाबा. मीटर खरा हाय. क्लच मी झिजवलाय.”

“तुमी?” बिभीषण म्हणाला.

“माय, तू?” भारत म्हणाला. त्याच्या आवाजात असं काही होतं की आईनं गाडी चालवली यापेक्षा तिनं आपल्याला सांगितलं नाही याचंच त्याला जास्त लागलं असावं.

गोष्ट अशी होती. दर अमावास्येला गाडीची पूजा व्हायची. लिंबू, नारळ, हळदकुंकू, आणि सुग्रीव येऊन इंजिन चालू करायचा. एका जागी उभी राहिली की टायर बसतात, म्हणून तो गाडी शेडातल्या शेडात थोडी पुढं घ्यायचा, परत मागं. शेड सत्तावीस फुटांचं, गाडी तेरा-चौदा फुटांची. पुढंमागं जागा बेताचीच. एकोणनव्वद साली सुग्रीवची कंबर धरली. चेअरमन कारखान्याच्या मीटिंगला. सुग्रीव दारात पोत्यावर बसला आणि म्हणाला, बाई, मला चढवत न्हाई, तुमीच बसा, मी सांगतो. डावा पाय दाबा. गिअर स्वतःकडं ओढून वर. आता पाय सोडा, पर दळताना खुंटा कसा हळू सोडता, तसा. गाडीनं धाडकन उडी मारली आणि बंद पडली. सात वेळा बंद पडली. आठव्या वेळी ती बारा फूट पुढं गेली.

सुग्रीव त्याच वर्षी गेला. गीताबाईंनी अमावास्या चुकवली नाही. मग पौर्णिमा धरली. मग बाजारचा दिवस. त्या दिवशी निम्मं गाव बाजाराला असे आणि चेअरमन सोसायटीत. भाकरी झाल्या, भांडी घासली, की शेडाचं दार अर्धं उघडं ठेवून त्या आत बसत. बारा फूट पुढं. बारा फूट मागं. एका वेळी दहा-बारा खेपा. पेट्रोल आधी अमावास्येसाठी आणलेलं, पुढं भारतच्या मोटारसायकलीतलं, आणि बॅटरी बदलायची वेळ आली की दोन शेळ्या जास्त विकल्या जात. सव्वीस वर्षं हे चाललं होतं.

हे सगळं त्यांनी बिभीषणला चार वाक्यांत सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पण मान हलवली.

“मावशी, राग नका धरू. पन एवढं वरचेवर चालवलं असतं तर मीटर तरी वाढला असता ना.”

“ते मला म्हाईत न्हाई. वाढला न्हाई खरा.”

पुढं बोलण्यात अर्थ नव्हता. त्यांनी पदर खोचला, चपला काढल्या आणि आत बसल्या. सीटवर पाठीमागं एक चपटी उशी होती. तिचं काय काम ते भारतला आत्ता कळलं. चावी फिरली. डावा पाय गेला, गिअर वर गेला, आणि गाडी नुसती सरकली; धक्का नाही, घरघर नाही. समोरच्या दाराच्या बंद फळीपासून वीतभर अंतरावर थांबली. मान न वळवता त्यांनी रिव्हर्स टाकला, आणि मागच्या भिंतीपासूनही तेवढ्याच अंतरावर ती थांबली. पुन्हा पुढं. पुन्हा मागं.

बिभीषण फरशीकडं बघत होता. शहाबादी फरशीवर चाकांखाली दोन पट्टे गुळगुळीत झाले होते, जात्याच्या तळीसारखे, आणि दोन्ही टोकांना ते एकदम संपत होते. तो उकिडवा बसला. हात लावून बघितला. मग उठून गाडीत वाकला आणि ॲक्सिलेटरची पट्टी बघितली. तिच्यावरच्या रेघा कोऱ्या होत्या.

“आरं देवा,” तो म्हणाला. “भारतभाऊ, लाख चाललेल्या गाडीचा ॲक्सिलेटर असा कोरा ऱ्हातो व्हय? ही फार दाबलीच न्हाई कधी कुनी.” मग तो एकदम थांबला आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. “अन् मीटर कसा वाढंल! ह्या जुन्या मीटरची केबल हाय. गाडी पुढं गेली की आकडा पुढं जातो, मागं आली की आकडा बी मागं येतो. मावशी, तुमी जेवढं चालवलं तेवढं सगळं तिनं परत पुसून टाकलं.”

“असं हाय का,” गीताबाई म्हणाल्या. “मला वाटायचं, एवढंसं चालल्यालं तिच्या ध्यानातच येत नसंल.”

भारत दाराच्या चौकटीला टेकला होता. “आण्णांला ठावं होतं का हे?”

गीताबाईंनी ओसरीकडं बघितलं. सुंदरराव शेवटची पाच वर्षं लकव्यानं ओसरीवर पडून होते. शेड ओसरीला लागूनच. “त्यांला वाटलं मी अमावास्येचंच चालू करते, असं मी धरून चालले होते. एकदा बाजारच्या दिवशी मी भायेर आले, तर वाकड्या तोंडानं म्हनले, आज क्लच लवकर सोडला तू. बाकी काही न्हाई.”

“मंग?”

“मंग काय. दुसऱ्या खेपेला हळू सोडला.”

चहा झाला. बिभीषणनं पिशवीतून पैशांचं पाकीट काढलं, पैसे मोजायच्या आधी जरा घुटमळला. क्लचप्लेट नवी टाकावी लागेल, असं तो म्हणाला.

“तिचं काय लागंल ते कापून घे,” गीताबाई म्हणाल्या. “ती मी झिजवलीय.”

भारतनं चहाचे कप गोळा केले.

कागदांवर सह्या त्यांच्याच लागत होत्या, त्यांनी त्या सावकाश केल्या. मग त्यांनी डेऱ्यावरचं फडकं सोडलं, रेडिएटरात तांब्या-तांब्यानं पाणी घातलं आणि उरलेलं एका कॅनमध्ये भरून मागच्या सीटखाली ठेवलं. बिभीषण चावीसाठी हात पुढं करून उभा होता.

“वेशीपर्यंत मी नेते,” त्या म्हणाल्या. “लेकीला वेशीपर्यंत घालवायला जातेतच की.”

“माय, प्लेट संपलीय म्हनला ना तो,” भारत म्हणाला.

“जाईल,” बिभीषण म्हणाला. “त्यांच्या पायाखाली जाईल.” आणि तो शेजारी बसला.

भारत मोटारसायकलवर पुढं गेला. गाडी वेशीवर थांबली की फोडायला नारळ त्याच्याकडं होता.

शेडाच्या दाराच्या दोन्ही फळ्या कित्येक वर्षांनी सताड उघडल्या. बारा फूट झाले. गीताबाईंचा पाय सवयीनं ब्रेककडं गेला. समोर दाराची फळी नव्हती. त्यांनी पाय उचलला. गाडी अंगणातून गल्लीत आली, गल्लीतून रस्त्याला लागली, आणि भयंकर ओरडू लागली.

वेशीच्या अलीकडं टँकरची रांग होती. हंडे, घागरी, कॅन. रांगेत छबुबाई उलट्या घागरीवर बसली होती. कंबर वाकलेली, नजर मात्र तीच. तिनं कपाळावर आडवा हात धरला, स्टिअरिंगमागं कोण आहे ते नीट बघून घेतलं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडली, “गीताबाई! पानी किती लागतं वो तिला?”

“चार लिटर!” गीताबाई खिडकीतून ओरडल्या. “पन पावसाचंच लागतं!”

या वेळी रांग हसली.

“मावशी, लई वरडायलीय ती. दुसरा टाका,” बिभीषण म्हणाला.

“काय टाकू?”

“दुसरा गिअर.”

“तो कुठं असतो?”

बिभीषणनं एकदा त्यांच्याकडं बघितलं. सव्वीस वर्षं गाडी चालवणारी बाई. सत्तावीस फुटांच्या शेडात दुसरा लागतो कुठं? “क्लच दाबा,” तो म्हणाला. “आता सरळ खाली ओढा. हां. सोडा. खुंट्यावानी.”

ओरडणं थांबलं. गाडी अशी शांत झाली की बंद पडली की काय असं त्यांना वाटलं. पण कडुलिंब मागं जात होते, विजेचे खांब मागं जात होते. पुढं तलावापर्यंत रस्ता सरळ होता. तलाव कोरडा होता, त्याचा बांध दिसत होता.

वेशीवर भारत एका हातात नारळ धरून, दुसरा हात वर करून उभा होता. गाडी त्याच्यापुढून गेली.

“मावशी, वेस गेली मागं,” बिभीषण म्हणाला.

“मीटर बघ. किती झालं?”

“त्रेसष्ट लागायलंय.”

“आन् तिसरा कुठं असतो?”

भारतनं नारळ दगडावर ठेवला, धूळ खाली बसायची वाट न बघता मोटारसायकलला किक मारली आणि तो त्यांच्या मागं निघाला.